गावाचा रस्ता, आकडे आणि निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे मास्तर आणि जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवून थकलेली तरुण पोरं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांपुरती आहेत. दहातल्या आठ जणांचा सूर एकच असतो: ‘साहेब, आमच्यावर अन्याय होतोय.’ अन्याय असेलही. पण फाईल उघडली की अन्यायाच्या आधी एखादा चुकीचा आकडा, नाहीतर आकड्याची रिकामी जागा सापडते. म्हणून या पानावर आकड्यांचीच चर्चा जास्त आहे.

1. आमच्या गावाला जाणारा रस्ता नेमका कोणाचा? ग्रामपंचायत म्हणते आमचा नाही, बांधकाम खातं म्हणतं आमचा नाही.

दोघंही खरं बोलत असतील. राष्ट्रीय महामार्ग वेगळे. राज्य मार्ग, प्रमुख राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. म्हणजे फाट्यापासून वेशीपर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा जिल्हा परिषदेचा असतो, आणि नेमकं तिथंच कोणी विचारलेलं नसतं.

तालुक्याच्या उपविभागात जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याकडे रस्त्यांची यादी आणि नकाशा असतो. त्यात आपल्या रस्त्याचा क्रमांक, सुरुवात, शेवट आणि लांबी बघा. अर्जात ‘आमच्या गावचा रस्ता’ असं न लिहिता क्रमांक आणि किलोमीटर लिहा: कुठून कुठपर्यंत, साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) अमुक ते तमुक. असा अर्ज टेबलावरून पुढे सरकतो, कारण क्रमांकाशिवाय कारकुनाला तो कोणत्या फाईलला लावायचा हेच कळत नाही.

2. यादीत आमच्या रस्त्याला क्रमांकच नाही. आजोबांच्या काळापासून वापरात आहे. आता?

अशा रस्त्याला योजनाबाह्य रस्ता म्हणतात. राज्यात 1981–2001 आणि 2001–2021 अशा वीस वीस वर्षांच्या रस्ते विकास योजना झाल्या. रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक त्यांतून ठरला. तुमची वाट त्यात आलीच नसेल, तर सरकारी दृष्टीनं ती अजून जन्माला यायची आहे.

ग्रामसभेचा ठराव, नकाशावर दाखवलेली वाट, लांबी, दोन्ही टोकांची गावं आणि वापर किती, एवढं घेऊन ग्रामीण मार्गाचा दर्जा मागायचा. प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून पुढे जातो, जिल्हा परिषदेचा ठराव लागतो आणि शासनाची मान्यता. वेळ लागतो. पण हे न करता नुसती निधीची मागणी करणं म्हणजे नाव न नोंदवलेल्या पोराला शाळेत बसवणं. मास्तर चांगले असतील तर बसू देतील, दाखला मात्र मिळणार नाही.

शेतात जाणाऱ्या वाटेचा विषय निराळा आहे, तो प्रश्न 12 मध्ये आहे.

3. पैसे येतात तरी कुठून कुठून?

एका पेटीतून येत नाहीत, म्हणूनच गोंधळ होतो. मोठी साधनं अशी.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, म्हणजे लोकांच्या तोंडचं पीएमजीएसवाय, 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात खर्चाचा वाटा केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के. तुम्ही पंपावर डिझेल भरता त्यावरच्या उपकरातूनही या रस्त्यांना पैसा जातो, हे पंपावर कोणी सांगत नाही. तिच्यात न बसणाऱ्या रस्त्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, 2015 पासून.

मग जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेली जिल्हा नियोजन समिती ती ठरवते. या कामांच्या कागदावर तुम्हाला 3054 आणि 5054 हे आकडे दिसतील. पहिलं दुरुस्ती-देखभालीचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातलं खातं), दुसरं भांडवली, म्हणजे नव्या बांधकामांचं. तुमचा अर्ज खड्डे बुजवण्याचा असेल आणि तुम्ही 5054 मधून पैसे मागत असाल, तर चूक तिथेच झाली.

वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, पण 15व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या वर्षांत त्यातला 60 टक्के बंधित होता: पाणी आणि स्वच्छता. उरलेल्या अबंधितमधूनच गल्लीतलं काँक्रीट किंवा गटार होऊ शकत होतं. ‘वित्त आयोगाचे एवढे लाख आले, रस्ता का नाही?’ असं ग्रामसभेत विचारण्याआधी बंधित किती होतं ते विचारा. नव्या आयोगाच्या निधीलाही हाच प्रश्न आधी. आमदार, खासदार निधी आणि ‘पंचवीस पंधरा’ याबद्दल प्रश्न 10 पाहा.

4. पीएमजीएसवायच्या चौथ्या टप्प्यात आमचं गाव बसतं का?

केंद्रानं सप्टेंबर 2024 मध्ये या टप्प्याला मंजुरी दिली: 2024-25 ते 2028-29, देशभरात 25,000 न जोडलेल्या वस्त्या, 62,500 किलोमीटर, 70,125 कोटी रुपये. हा टप्पा नव्यानं जोडायच्या वस्त्यांसाठी आहे. आधीच असलेल्या खराब रस्त्याला यातून डांबर मिळेल या आशेवर राहू नका.

निकष लोकसंख्येचा, आणि ती 2011 च्या जनगणनेची. सपाट प्रदेशात 500 किंवा जास्त. पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग आणि आकांक्षित (केंद्रानं विकासात मागे म्हणून निवडलेले) जिल्हे-तालुके यांत 250. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत 100. आपल्याकडे नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली हे चार आकांक्षित जिल्हे आहेत. वाशिमच्या सरपंचानं 500 चा आकडा ऐकून गप्प बसायचं कारण नाही, त्याला 250 पुरतात. ही गोष्ट माहीत नसलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

दुसरी अट अंतराची. सपाट भागात वस्ती जवळच्या बारमाही रस्त्यापासून किमान 500 मीटर दूर हवी, डोंगरी भागात चालत जायचं अंतर दीड किलोमीटर. त्याच्या आत असाल तर कागदोपत्री तुम्ही जोडलेलेच आहात, मधे चिखल कितीही असो.

5. 2011 ला आमची लोकसंख्या 470 होती. आज सहाशेच्या वर आहे. मतदार यादी दाखवली तर चालेल?

नाही चालत. मतदार यादी, रेशनकार्डं, अंगणवाडीचं रजिस्टर, सगळं खरं असलं तरी या योजनेला जनगणनेचाच आकडा लागतो.

पण हा 470 आला कसा, ते जरा बघू. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. बीड, जालना, अहिल्यानगरच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं तेव्हा कारखान्यांच्या फडांवर कोप्या घालून राहत होती. आपल्या जनगणनेत त्या दिवसांत माणूस जिथे राहत असेल तिथे मोजला जातो. मोजणी संपेपर्यंत घरी परतणार नसेल, तर घरच्या यादीत तो येत नाही. तांड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. एखाद्या तांड्याचा आकडा 2011 मध्ये संशयास्पद कमी दिसला, तर मी पहिल्यांदा हेच विचारतो: त्या फेब्रुवारीत तुमची कोयती कुठं होती?

त्या आकड्यात आता दुरुस्ती होत नाही. पण पुढची लोकसंख्या मोजणीही फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात. मुकादमांनी आणि ग्रामपंचायतींनी आत्तापासून डोक्यात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. तोवर प्रश्न 6 मधली वाट तपासा.

6. आमची वाडी 310 ची, शेजारची वस्ती 240 ची. दोघींनाही वेगळं मोजतात. काय करावं?

दोन वस्त्या 500 मीटरच्या परिघात असतील (डोंगरी भागात चालायचं अंतर दीड किलोमीटर), तर दोघींची लोकसंख्या एकत्र धरायची तरतूद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तुमच्या बाबतीत बेरीज 550 होते, म्हणजे सपाट भागातही काम झालं.

ही तरतूद आपोआप लागू होत नाही. सर्वेक्षणाच्या वेळी कोणीतरी सोबत उभं राहून ‘ही पण धरा’ म्हणावं लागतं. सर्वेक्षण मोबाईल अ‍ॅपवर होतं, अभियंता जागेवर येऊन वस्तीचं ठिकाण नोंदवतो. त्या दिवशी सगळे लग्नाला गेलेले असले, तर नोंद तुमच्याशिवाय होते. आणखी एक: योजना महसुली गाव मोजत नाही, वस्ती मोजते. वाडी, तांडा, पाडा, पोड यांना वेगळं महसुली गाव नसलं तरी चालतं.

7. रस्ता डांबरी आहे, पण ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस गाव तुटतं. तरी आम्ही ‘जोडलेले’ कसे?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. योजनेच्या भाषेत बारमाही रस्ता म्हणजे सर्व ऋतूंत जाता येईल असा. म्हणजे पाण्याचा निचरा नीट हवा, मोऱ्या आणि पूल पुरेसे हवेत. रस्ता डांबरीच असला पाहिजे असं नाही. आपण लोक मात्र डांबर बघून रस्ता ओळखतो. खात्यातलेही कधी कधी तेच करतात. मुरमाचा रस्ता नळकांडी मोऱ्यांसह बारमाही असू शकतो आणि गुळगुळीत डांबर ओढ्यापाशी येऊन बंद पडू शकतं.

थोडा वेळ वाहतूक थांबणं यात क्षम्य मानलं जातं, म्हणून ‘पाणी येतं’ एवढं म्हणून भागत नाही. वही करा. जूनपासून प्रत्येक वेळी लिहा: कोणत्या तारखेला, किती वाजता पाणी फरशीवर चढलं, किती वाजता उतरलं, त्या वेळात एसटी गेली का, दूध गेलं का, शाळा भरली का. फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटेल अशी मोबाईलची सोय चालू ठेवा. एका गावच्या पोरांनी फरशी पुलाच्या खांबावर पांढऱ्या रंगानं फूटपट्टी काढली होती. पाणी कुठवर चढलं याचा फोटो पट्टीसकट. त्या वहीची झेरॉक्स पाहून अभियंत्यानं पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. मागणीही मग बदलते: ‘रस्ता द्या’ ऐवजी ‘अमुक साखळीवर इतक्या रुंदीचा पूल’. हा खर्च वेगळा धरला जातो आणि त्याला लेखाशीर्षही सापडतं.

8. वाहतूक गणना म्हणजे काय? आम्ही गावकऱ्यांनी केलेली मोजणी धरतात का?

रस्त्यावरून दिवसाला कोणती वाहनं किती जातात याची मोजणी म्हणजे वाहतूक गणना. तुमची मोजणी अधिकृत म्हणून धरत नाहीत. तरीही करा, कारण अधिकृत मोजणी चुकीच्या दिवशी झाली हे दाखवायला तीच उपयोगी पडते.

कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची जी मानकं आहेत, ती हंगामातली आणि बिगरहंगामी अशी दोन्ही गणना मागतात, आणि हंगाम किती दिवस चालतो ते धरून वर्षाची सरासरी काढतात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात गणना बऱ्याचदा अभियंत्याला सवड असते तेव्हा होते, म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काही नसतं. त्याचा फटका बघा. दिवसाला 100 मोटारवाहनांपेक्षा कमी वाहतूक भरली, तर डांबरी पट्टा 3.75 मीटरऐवजी 3 मीटर धरता येतो. पाऊण मीटर कमी म्हणजे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकानं साइडपट्टीवर उतरायचं, आणि साइडपट्टी तुटायला सुरुवात.

तुम्ही कशी कराल? फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर शाळेची दोनशे पानी वही. सात रकाने: दुचाकी, रिक्षा-जीप, मोटार, रिकामा ट्रॅक्टर, भरलेला ट्रॅक्टर, ट्रक-टेम्पो, एसटी. बैलगाडीसाठी आठवा. दर तासाला नवी ओळ, पाच-पाचच्या काड्या. सलग तीन दिवस चोवीस तास, त्यात एक बाजाराचा. रात्रीची पाळी टाळू नका. पहिल्यांदा आम्ही मोजायला बसलो तेव्हा रात्री दहाला घरी निघालो. दुसऱ्या रात्री टपरीवालाच म्हणाला, ‘खरी गर्दी तुम्ही गेल्यावर होते.’ ऊस रात्री चालतो. ही तीन दिवसांची मोजणी एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात करा, दोन्ही वह्या एकत्र जोडा.

भरलेला आणि रिकामा ट्रॅक्टर वेगळा का, ते पुढच्या उत्तरात.

9. नवा रस्ता दोन हंगामांत उखडला. ठेकेदार चोर की काय?

असेलही, पण आधी हिशेब.

रस्त्याची जाडी वाहनं किती यावर ठरत नाही, जड वाहनांचे आस (अ‍ॅक्सल) किती आणि किती वजनाचे यावर ठरते. प्रमाण आस 8,160 किलोचा. 1950 च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर भरलेले ट्रक अहोरात्र फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून एक ठोकताळा निघाला: नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. आसावर दुप्पट वजन टाकलं तर नुकसान दुप्पट नाही, सोळा पट. दीडपट टाकलं तर पाच पट. गावातल्या पाचशे मोटारसायकलींनी रस्त्याला काही होत नाही. दोन ट्रॉल्या ठासून भरलेली एक जोडी एका रात्रीत जे करते, ते मोटारसायकली वर्षात करत नाहीत.

ग्रामीण रस्ता साधारण दहा वर्षांचे आस मोजून बांधतात. ते मोजताना ऊस धरलाच नाही, तर दहा वर्षांचं आयुष्य दोन गळीत हंगामांत संपतं, आणि ठेकेदारानं एक खडाही कमी टाकलेला नसतो.

दुसरं कारण जमिनीत. काळ्या चिकणमातीत पाणी शिरलं की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. प्रयोगशाळेत ही माती चार दिवस पाण्यात भिजवून तिची ताकद मोजतात. तो आकडा, ज्याला सीबीआर म्हणतात, काळ्या मातीत दोन-तीनवर येऊ शकतो. चांगला मुरूम त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे काळ्या रानातला रस्ता मुरमाचा जाड थर आणि बाजूच्या चाऱ्या यांवर जगतो, डांबरावर नाही. अंदाजपत्रकात सीबीआर किती धरला आणि नमुना कुठला घेतला, एवढे दोन प्रश्न विचारा. माळावरची माती तपासून काळ्या रानातला रस्ता आखलेला मी पाहिला आहे.

यानंतरही शंका उरली तर प्रश्न 14.

10. आमदार निधीतून लवकर होतं म्हणतात. ‘पंचवीस पंधरा’ काय आहे?

2515 हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतली मूलभूत सोयींची कामं त्यातून होतात. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी असतात, आमदाराला वेगळे. लवकर होतं हे खरं. त्यात लोकसंख्येची अट नाही, गुणांकन नाही, नकाशा नाही.

पण कामं लहान निघतात. शंभर मीटर काँक्रीट इथे, दीडशे मीटर तिथे, मधला तुकडा चिखलाचा. लहान कामं मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात 33:33:34 या प्रमाणात वाटली जातात, त्यामुळे काम लहान ठेवण्यात अनेकांचा जीव असतो. माझं मत विचाराल तर हा निधी मोरी, संरक्षक भिंत, गावठाणातलं गटार अशा एका जागी पुऱ्या होणाऱ्या कामांना मागा. अखंड रस्ता तुकड्यांनी मागू नका. तुकड्यांच्या सांध्यात पाणी शिरतं आणि नंतर मोठ्या योजनेत अभियंता म्हणतो, यावर तर आधीच खर्च झालाय.

11. आमच्या तालुक्यात सगळेच रस्ते वाईट आहेत. आधी कोणता, हे ठरतं कसं?

पीएमजीएसवायच्या तिसऱ्या टप्प्यात (2019, देशभरात सव्वा लाख किलोमीटर) यासाठी गुण दिले गेले. रस्त्यावर किती लोकसंख्या येते आणि तो कोणत्या सोयींना जोडतो: बाजार, गोदाम, माध्यमिक शाळा, दवाखाना, बसथांबा, बँक, पंप. जास्त गुणांचा रस्ता वर. त्यासाठी देशभरातल्या आठ लाखांहून जास्त ग्रामीण सोयींचे फोटो आणि ठिकाणं गोळा झाली. 2022 मध्ये ही सगळी माहिती, दहा लाखांवर वस्त्या आणि 25 लाख किलोमीटरच्या रस्त्यांसकट, जिओसडक या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली गेली.

तिथे जाऊन आपला तालुका उघडा. गावची शाळा दहावीपर्यंत असून सातवीची दाखवलेली असेल, किंवा उपकेंद्राचा ठिपका नदीपलीकडे पडलेला असेल, तर आत्ताच लेखी कळवा. यादी निघाल्यावर बोंब मारून काही हाती लागत नाही.

गुणपद्धतीत एक खोट आहे, ती सांगायला हवी. सोयी जिथे आहेत तिथेच गुण मिळतात. ज्या पाड्यावर शाळा नाही, दवाखाना नाही, त्याला गुण नाहीत, म्हणून रस्ता नाही, म्हणून दवाखानाही येत नाही. यंत्रानं काढलेली यादी निःपक्षपाती असते, न्यायी असतेच असं नाही. अशा पाड्यांनी गुणांच्या यादीमागे न लागता प्रश्न 4 आणि 6 मधल्या वस्ती जोडण्याच्या निकषावर भर द्यावा.

12. पाणंद शेजाऱ्यानं नांगरून टाकली. निधी मंजूर आहे, वाटच नाही.

आधी वाट मोकळी, मग निधी. उपाय दोन आहेत. पूर्वापार वहिवाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज. मुदत अडवल्यापासून सहा महिने. ‘समजुतीनं घेऊ’ म्हणत लोक दोन पेरण्या घालवतात आणि मुदत उलटते. मुळात वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, त्याला ही सहा महिन्यांची अट नाही. कोणतं कलम लावायचं यात गल्लत झाली की अर्ज फेटाळला जातो.

काम करायला 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं आखलेली. तिथे मजुरी आणि साहित्याचं 60:40 गणित सांभाळताना तारांबळ उडायची, म्हणून मजुरीची जास्त कामं त्याच आराखड्यात घ्यावी लागायची.

13. रस्ता वनजमिनीतून जातो. वनखातं म्हणतं दिल्लीची परवानगी आणा.

दरवेळी लागत नाही. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2): गावासाठीच्या तेरा सोयींना वनजमीन देता येते आणि त्यात रस्ता आहे. अटी: प्रत्येक बाबतीत जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. निर्णय विभागीय वनाधिकारी स्तरावर होतो.

एक हेक्टर म्हणजे किती? दहा मीटर रुंद पट्टा धरला तर बरोबर एक किलोमीटर. साडेसात मीटरचा धरला तर सव्वा किलोमीटरच्या थोडं पुढे. मेळघाटात किंवा भामरागडकडे आखणी करताना हे गणित अंदाजपत्रकाआधी करा. दोन मीटर रुंदी वाचली तर कधी कधी दोन वर्षं वाचतात.

खासगी जमिनीचंही इथेच सांगतो: पीएमजीएसवाय जमिनीचा मोबदला देत नाही. संमतीपत्रं आधी गोळा करा, आणि तोंडी ‘हो’वर विसंबू नका. बाप हो म्हणतो, जेसीबी आल्यावर मुलगा आडवा होतो.

14. रस्ता खराब केला याची तक्रार कुठे? पुरावा काय?

पीएमजीएसवायच्या रस्त्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, त्याचे पैसे राज्य देतं आणि ई-मार्ग या प्रणालीतून रस्त्याची स्थिती नोंदवून अदा होतात. काम संपल्याची तारीख फलकावर असते, फलक पडला असेल तर त्याचा जुना फोटो शोधा. ‘मेरी सडक’ अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाकता येते. इतर योजनांत दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) करारात लिहिलेला असतो, तो विचारा.

माहिती अधिकारात आपण फक्त कागद मागतो. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. ‘मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि अमुक साखळीवर माझ्यासमोर खोदून थरांची जाडी दाखवावी’ एवढं एका अर्जात लिहा. असा अर्ज गेल्यावर रात्रीत खड्डे बुजल्याची उदाहरणं आहेत. खोदायची वेळच येत नाही.

15. प्रशासकीय मान्यता मिळून वर्ष झालं. पेढेही वाटले. काम नाही.

पेढे लवकर वाटले. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, हा क्रम. कार्यारंभ आदेशाची तारीख सांगा म्हणावं, बाकी भाषण नको. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन आर्थिक वर्षं असतात. त्यामुळे पहिल्या मार्चला घाई दिसत नाही, दुसऱ्या मार्चला रात्री-अपरात्री डांबर पडतं. दुसऱ्या वर्षाचा डिसेंबर उलटायच्या आत पाठपुरावा करा.

16. फाट्यावर सारखे अपघात होतात. गतिरोधक का मिळत नाही?

पोलिसांत नोंद झालेले अपघातच मोजले जातात. महामार्गावर 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले तर तो अपघातप्रवण टप्पा ठरतो. गावात मिटवलेला अपघात कुठंच नसतो. महाराष्ट्र पोलीस अपघाताची नोंद ठिकाणासह राष्ट्रीय प्रणालीत करतात, तेव्हा ठिकाण बरोबर टाकलं का तेवढं पाहा. ‘फाट्याजवळ’ आणि ‘पुलाजवळ’ असं दोन नावांनी नोंदलं की पाचाचे तीन आणि दोन होतात.

17. रस्ता झाला, एसटी अजून येत नाही.

एसटी आधी वळायची जागा, मोऱ्यांची रुंदी आणि वाकलेल्या फांद्या बघते, मग भारमान, म्हणजे बस किती भरते ते. आगार व्यवस्थापकाला पत्र देताना प्रश्न 8 ची वही जोडा आणि तिच्यात किती जण जीपनं तालुक्याला जातात तो रकाना वाढवा. आठवी ते बारावीच्या मुली असतील आणि तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत असेल, तर शाळेच्या पत्रासह त्या कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या निळ्या बसची वेगळी मागणी करा. तिथे भारमानापेक्षा मुलींची यादी महत्त्वाची.

18. ग्रामीण मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग करून घ्यावा का? नेते म्हणतात दर्जा वाढवून आणतो.

विचार करून. दर्जोन्नती झाली की रस्ता जिल्हा परिषदेकडून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. त्या दिवसापासून जिल्हा परिषदेचा निधी त्यावर पडत नाही, आणि नव्या मालकाच्या यादीत तुम्ही शेवटून पहिले. दोन तालुक्यांना जोडणारा, जड वाहतुकीचा रस्ता असेल तर जरूर करा. एका गावापाशी संपणारा असेल तर नुसत्या फलकासाठी करू नका.

19. आमचा रस्ता अर्धा या जिल्ह्यात, अर्धा त्या जिल्ह्यात. आमच्याकडचा झाला, हद्दीपलीकडे चिखल.

नियोजन जिल्ह्याचं, नकाशा जिल्ह्याचा, समितीही जिल्ह्याची. हद्दीवरचा शेवटचा किलोमीटर दोन्हीकडे कमी लोकसंख्येचा दिसतो, कारण पलीकडची गावं आपल्या गणतीत येत नाहीत. प्रश्न 11 मधल्या गुणांतही तो मागे पडतो. यावर एकच उपाय मी चाललेला पाहिला. दोन्ही गावांच्या ग्रामसभांनी एकाच तारखेला, एकाच मजकुराचा ठराव केला, फाट्यापासून फाट्यापर्यंत पूर्ण लांबी लिहिली, दोन्ही बाजूंची लोकसंख्या एका तक्त्यात मांडली आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकमेकांच्या प्रती दिल्या. पलीकडच्या सरपंचांचा फोन नंबर मात्र इकडच्या कोणाकडेच नव्हता, तो शेवटी दूध संकलन केंद्रावर मिळाला.